‘एखादं चांगलं पुस्तक सुचव ना!’

सबमिशन झालं, ओरल झाली, शेवटचा पेपर टाकून आलो, की हॉस्टेलमध्ये दोन-तीन दिवस एक विचित्र पोकळी असते. गाडीचं रिझर्वेशन परवाचं असतं, मेसमध्ये निम्मीच ताटं, मोबाईल बघून बघून डोळे चुरचुरायला लागलेले. अशा वेळी कुणीतरी दारात येऊन म्हणतं, "ए, एखादं चांगलं पुस्तक सुचव ना!" लायब्ररीच्या काउंटरवरही हाच प्रश्न येतो आणि सरांच्या, मॅडमच्या केबिनमध्येही कधीमधी येतो.

मग आपण काय करतो? आपल्याला जे आवडलं त्याचं नाव ठोकून देतो. "‘मृत्युंजय’ वाच." "‘कोसला’ नाही वाचलंस अजून? कमाल आहे!" समोरचा बिचारा मान हलवतो, पुस्तक इश्यू करतो, उशाशी ठेवतो आणि मुदत उलटल्यावर दंड भरून परत करतो. त्यानंतर तो विचारायला येत नाही. ‘आपल्याला काही वाचन जमत नाही’ असं त्याचं स्वतःपुरतं ठरून जातं, आणि पुढे कित्येक वर्षं तो तेच धरून चालतो.

मित्रहो, यात ‘मृत्युंजय’चा दोष नाही, ‘कोसला’चा नाही आणि त्या मुलाचाही नाही. मोटर बंद पडली तर आपण आधी सप्लाय बघतो, मग वायंडिंग. पुस्तक सुचवताना मात्र काहीही न तपासता थेट पार्ट बदलायला निघतो! खरं तर पुस्तक सुचवणं हे शिकता येण्यासारखं काम आहे. त्याची पद्धत, आणि त्या पद्धतीने सुचवता येतील अशा अलीकडच्या काही कथा-कादंबऱ्या व ग्राफिक नॉव्हेल्स, एवढाच या लेखाचा सिलॅबस.

गणिताच्या मास्तरांचे पाच नियम

एस. आर. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारं पुस्तक लिहिलं. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्ट हा आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते नियम असे. पुस्तकं वापरायसाठी असतात, कपाटात जपून ठेवायला नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत गोष्ट आहे.

यातला दुसरा आणि तिसरा नियम जोडीने वाचून बघा. सगळ्यांनी वाचलंच पाहिजे असं एक पुस्तक, ही कल्पना त्यांत कुठेही नाही. आहे ती फक्त जोडी लावण्याची गोष्ट. म्हणजे सुचवणाऱ्याने दोन्ही बाजू ओळखायला हव्यात, पुस्तकाची आणि वाचणाऱ्याची. आपण पुस्तकाबद्दल तासभर बोलतो, वाचणाऱ्याला मात्र एक प्रश्नही विचारत नाही. गाडी अडते ती इथे.

विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न : शेवटचं काय आवडलं होतं? ते पुस्तकच असायला पाहिजे असं नाही. सिनेमा चालेल, वेब सिरीज चालेल, आजीने सांगितलेली गावातली भुताची गोष्टसुद्धा चालेल. ‘मी काही वाचत नाही’ म्हणणाऱ्या मुलालाही कुठली ना कुठली गोष्ट आवडलेली असतेच.

दुसरा प्रश्न : त्यात नेमकं काय आवडलं? अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की पुस्तकात शिरायला चार दारं असतात : गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. काहींना ‘पुढे काय झालं’ याची ओढ लागते. काहींना एखादं पात्र जिवाभावाचं वाटायला लागतं. काहींना अनोळखी गाव, अनोळखी काळ बघायचा असतो. काहींना वाक्यं चाखत चाखत वाचायची असतात. प्रत्येक पुस्तकात ही चारही दारं असतात, पण एखादं सताड उघडं असतं आणि बाकीची किलकिली. भाषेचं दार मोठं असलेली कादंबरी आपण ‘पुढे काय झालं’वाल्याच्या हातात देतो आणि मग तो दहाव्या पानावर झोपला म्हणून त्यालाच नावं ठेवतो.

तिसरा प्रश्न : आत्ता वेळ किती आहे, डोकं कसं आहे आणि कुठल्या भाषेत वाचताना अडखळायला होत नाही? पीएलमध्ये सहाशे पानांची कादंबरी सुचवणं हा गुन्हाच समजावा. भाषेचं तर विचारायलाच हवं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला फर्स्ट इयरला सगळेच विषय इंग्रजीत एकदम अंगावर येतात. त्याला संध्याकाळीही जाडजूड इंग्रजी कादंबरी दिलीत, तर ते वाचन राहत नाही, सातवा विषय होतो.

चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात : काय नको? घरात नुकतंच कुणी गेलं असेल, गावाकडे कर्जाचं काही चालू असेल, तर त्याच विषयावरचं पुस्तक त्या आठवड्यात नको वाटू शकतं. एखाद्याला तेच हवं असेल. आपल्याला ते बाहेरून कळत नाही, म्हणून विचारायचं. आणि पुस्तकात आत्महत्या, हिंसा, अत्याचार असं काही असेल तर देतानाच एका वाक्यात सांगून टाकायचं. त्याने गोष्टीची मजा जात नाही.

कुठल्या दाराने काय द्यावं

आता काही नावं घेऊ. मुद्दाम वेगवेगळ्या जातकुळीची घेतो.

गोष्टीचं दार. अँडी वेअर हा पेशाने प्रोग्रॅमर. त्याने ‘द मार्शियन’ ही कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाईटवर एकेक प्रकरण करून टाकली, २०११ साली ती स्वतःच पुस्तकरूपात आणली, आणि २०१५ मध्ये तिच्यावर सिनेमा आला. मंगळावर एकटा अडकलेला माणूस हवा, पाणी, बटाटे आणि बॅटऱ्या यांचे हिशेब करत जगतो. ज्याला थर्मोची भीती वाटते त्याने तर जरूर वाचावी! ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’चा लेखक लिऊ त्सिशिन हा चीनमध्ये वीजनिर्मिती केंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होता. त्याच्या या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्युगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथा मराठीत हवी असेल तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आहेच. नारळीकर २०२५ मध्ये गेले, पण नव्या वाचकासाठी ते अजूनही चांगलं पहिलं पाऊल आहेत.

माणसांचं दार. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ सालची. आणीबाणीच्या काळातली नववीची मुलं, त्यांचं पहिलं प्रेम, त्यांची टगेगिरी. मराठीत पहिल्यांदा कादंबरी हातात घेणाऱ्याला बेलाशक द्यावी. त्याच्या थोडं पुढच्या वयाची हवी असेल तर प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’. तिला २०२१ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची. एका घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या मुलावर त्या घरातला भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करू लागतात. तीच घटना आधी भाऊ सांगतो, मग बहीण. पुस्तक लहान आहे, दोन रात्रींत होतं. पण डोक्यातून लवकर जात नाही.

जागेचं दार. जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह मुंबईच्या गिरणगावातला, गिरण्या बंद पडल्यानंतरचा. आज जिथे मॉल आणि टॉवर दिसतात तिथे आधी कोण राहत होतं, ते यातून कळतं. याला २०१२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. कविता महाजन यांची ‘ब्र’ ही २००५ सालची कादंबरी आदिवासी भागातल्या महिला सरपंचांच्या जगात नेते. आरक्षणामुळे बाई खुर्चीवर बसली, पण पुढे काय, हे ती दाखवते. देशाबाहेरच्या जागा बघायच्या असतील तर बेन्यामिन यांची मल्याळम कादंबरी ‘आडुजीवितम्’ आहे. आखातात नोकरीला म्हणून गेलेला आणि वाळवंटात शेळ्या-मेंढ्यांमध्ये अडकलेला केरळी माणूस हा तिचा नायक. २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमा आला.

भाषेचं दार. श्याम मनोहर यांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ वाचताना आधी हसू येतं, मग आपण कशाला हसलो याचा विचार सुरू होतो. तिला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विवेक शानभाग हे शिक्षणाने इंजिनिअर, लिहितात कन्नडमध्ये. त्यांची ‘घाचर घोचर’ अगदी छोटी आहे. मसाल्याच्या धंद्यात एकदम पैसा आलेल्या कुटुंबाची गोष्ट, आणि निम्मी गोष्ट न सांगताच सांगितलेली.

आडनाव बघून पुस्तक देऊ नका

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० साली एक साधी उपमा दिली. पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी असते. आरशात आपल्याला आपलं घर, आपली बोली, आपले प्रश्न दिसतात. खिडकीतून दुसऱ्याचं घर दिसतं. वाचणाऱ्याला दोन्ही लागतं. नुसत्या खिडक्याच मिळाल्या तर वाटायला लागतं, ‘पुस्तकात यावी अशी आपली माणसंच नाहीत.’ नुसते आरसेच मिळाले तर वाटतं, ‘सगळं जग आपल्यासारखंच आहे.’ नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची हिने २००९ सालच्या एका भाषणात सांगितलं होतं, की लहानपणी परदेशी पुस्तकं वाचून तीही गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मुलांच्याच गोष्टी लिहायची. आपल्यासारखी मुलं पुस्तकात असू शकतात, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

आता आपल्यासारख्या कॉलेजांच्या लायब्ररीतलं ललित पुस्तकांचं रॅक आठवा. ऐतिहासिक कादंबऱ्यांची एक रांग, पुलंची एक रांग, यशस्वी कसं व्हावं याची दोन रांगा, आणि इंग्रजीत कॅम्पसवरच्या प्रेमकथा. ‘फाइव्ह पॉइंट समवन’ २००४ साली आलं, तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला एक आरसा मिळाला, हे कबूल करायला हवं. पण त्या आरशात कोण दिसतं? बी.ई.ला शिकणारी, पण सुट्टीत कापूस वेचायला जाणारी मुलगी दिसते का? पाड्यावरून आलेला, घरातला पहिलाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा दिसतो का? त्यांची पुस्तकं मराठीत आहेत. रॅकवर नाहीत, किंवा असली तरी कुणी त्यांचं नाव घेत नाही.

इथे एक धोका आहे, आणि चांगल्या मनाची माणसंच तो जास्त करतात. ‘तू दलित आहेस ना, मग हे दलित साहित्य वाच.’ ‘तू शेतकऱ्याचा मुलगा, मग तुला ‘बारोमास’ आवडेल.’ ‘तू मुलगी आहेस, हे घे स्त्रीवादी.’ समोरच्याला कदाचित ‘द मार्शियन’ हवं असेल! त्याच्या आडनावावरून, गावावरून त्याचं पुस्तक आपण ठरवणं म्हणजे त्याला खोलीतल्या एकाच खुर्चीवर बसवून ठेवणं आहे. आरसा हवा की खिडकी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आपण दोन्ही पुढे ठेवायचं.

उलट काही पुस्तकं ज्यांचा त्या विषयाशी संबंध नाही असं त्यांना वाटतं, त्यांनाच आधी द्यायला हवीत. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी, शिकून नोकरी न मिळालेल्या तरुणाची आणि न परवडणाऱ्या शेतीची. ती शहरात वाढलेल्या मुलाने वाचावी. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांवरची आहे, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ही धरणामुळे गाव सुटलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची, २०२३ सालचा पुरस्कार मिळालेली. ही दोन्ही पुस्तकं सिव्हिलच्या वर्गात फिरायला हवीत. धरणाच्या डिझाईनमध्ये आपण पाण्याचा दाब काढतो, अपलिफ्ट काढतो, गाळाचा हिशेब करतो. बुडीत क्षेत्र मात्र नकाशावरची एक रेघ असते. त्या रेघेच्या आत कोण होतं, हे या कादंबऱ्या सांगतात. कर्नाटकातल्या वकील आणि कार्यकर्त्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी संग्रहाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. मुस्लिम बायकांच्या घरातल्या या कथा ज्याच्या ओळखीत एकही मुस्लिम घर नाही, त्याने आवर्जून वाचाव्यात.

चित्रं आहेत म्हणून पोरखेळ नाही

आता ग्राफिक नॉव्हेलकडे येऊ. ‘कॉमिक्स? लहान आहेस का?’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं. अमर चित्र कथा १९६७ साली सुरू झाली, इंद्रजालचा वेताळ आपल्या आई-बाबांनी वाचला, चिंटू १९९१ पासून पेपरात आला. त्यामुळे चित्रकथा म्हणजे शाळेपर्यंतची गोष्ट, असं डोक्यात बसलं आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी असं म्हणू नये. विल आयस्नर या अमेरिकन चित्रकाराने १९५१ पासून पुढे कितीतरी वर्षं अमेरिकन लष्करासाठी एका मासिकाचं काम केलं. विषय होता गाड्या आणि यंत्रसामग्री यांचा प्रतिबंधक मेंटेनन्स! जाड मॅन्युअल कुणी वाचत नाही, पण चित्रकथेतून तेच सांगितलं तर शिपाई वाचतो आणि नटही नीट आवळतो. याच आयस्नरने १९७८ साली ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ लिहिलं, आणि ग्राफिक नॉव्हेल हा शब्द रुळायला त्याची मोठी मदत झाली.

ग्राफिक नॉव्हेल वाचायचं कसं? प्रश्न गमतीचा वाटेल, पण पहिल्यांदा वाचणारा नुसते फुग्यांमधले संवाद वाचतो आणि अर्ध्या तासात पुस्तक संपवून म्हणतो, ‘काही दम नाही.’ स्कॉट मॅक्लाउड याने १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये एक मुद्दा नीट उलगडून दाखवला आहे. खरी गंमत दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते. एका चौकटीत उगारलेला हात, दुसऱ्या चौकटीत फुटलेली काच. मधलं वाचणारा स्वतः भरतो. आपल्या भाषेत याला इंटरपोलेशन म्हणा. दोन बिंदू दिलेत, मधला वक्र तुम्ही काढा. म्हणून प्रत्येक पान आधी पूर्ण बघायचं, मग चौकटी वाचायच्या. चौकट कधी मोठी होते, कधी नाहीशीच होते, काळा रंग कुठे वाढतो, हे टिपायचं. ड्रॉइंग वाचायला शिकलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

आता नावं. आर्ट स्पीगलमन याचं ‘माउस’ : हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची गोष्ट मुलगा चितारतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. मर्जान सत्रापी हिचं ‘पर्सेपोलिस’ : १९७९ ची इराणची क्रांती, तेहरानमधल्या एका हट्टी मुलीच्या नजरेतून. चित्रं काळी-पांढरी, इंग्रजी अनुवाद सोपा. केइजी नाकाझावा यांचं ‘बेअरफूट गेन’ : हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा लेखक सहा वर्षांचा होता आणि तिथेच होता. ऊर्जा आणि अणू यांवर सेमिनार देणाऱ्याने स्लाईड्स करण्याआधी हे वाचावं.

आपल्या देशातलं ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ चं, नर्मदेच्या खोऱ्यातलं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलीही गावं गेली, त्यामुळे ते दूरचं वाटत नाही. सारनाथ बॅनर्जी यांचं ‘कॉरिडॉर’ २००४ चं, दिल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याभोवती फिरणारं. अमृता पाटील यांचं ‘कारी’ २००८ चं : महानगरात जाहिरातीच्या कंपनीत काम करणारी, एका मुलीवर प्रेम करणारी, एकटी पडलेली तरुणी. मलिक सजाद याचं ‘मुन्नू’ २०१५ चं : काश्मीरमधलं बालपण, आणि त्यातले काश्मिरी लोक हंगुल हरणाच्या रूपात काढलेले.

एका पुस्तकाबद्दल थोडं जास्त सांगतो. ‘भीमायन’, २०११ सालचं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी यात बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव चितारले आहेत. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनवर अडकतात, कारण ती महार आहेत हे कळल्यावर कुणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. बडोद्यात शिकून-सवरून नोकरीला आलेल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही. सबंध पुस्तकात चौकोनी चौकटी नाहीतच. गोंड भित्तिचित्रांतली नक्षी पान विभागते. निरुपद्रवी माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एवढ्या एका युक्तीने वाचणाऱ्याला कळतं की शब्दही डंख मारतो. आपण पाठ्यपुस्तकात बाबासाहेबांचा धडा वाचून पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं. हे पुस्तक ते उत्तर पुसून टाकतं. त्याच वर्षी आलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं आहे, तेही सोबत वाचावं.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक खास. अल्गोरिदमच्या पुस्तकावर ज्यांचं नाव तुम्ही पाहिलं असेल ते ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ हे ‘लॉजिकॉमिक्स’ या २००९ च्या ग्राफिक नॉव्हेलचे सहलेखक आहेत. गणिताचा पाया पक्का करायला निघालेल्या बर्ट्रांड रसेलची ती गोष्ट आहे. आणि हो, जिम ऑटाव्हियानी व लेलँड मायरिक यांचं ‘फाइनमन’ हे २०११ चं चित्रचरित्र फिजिक्सला घाबरणाऱ्यांसाठी.

इंग्रजीची भीती बसलेल्यांना ग्राफिक नॉव्हेलचा आणखी एक उपयोग आहे. एका पानावर शब्द कमी असतात आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा चित्रातच सापडतो. डिक्शनरी न उघडता एक सबंध इंग्रजी पुस्तक वाचून संपवल्याचा आत्मविश्वास ही फर्स्ट इयरला लहान गोष्ट नाही.

पुस्तक आहे, पण सापडत नाही

आपल्या लायब्ररीत ६२१ म्हणजे मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल आणि ६२४ म्हणजे सिव्हिल, हे ड्युई साहेबांचे आकडे कित्येकांना पाठ असतात. त्याच पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला जातं आणि इंग्रजी कादंबरी ८२३ ला. ग्राफिक नॉव्हेल मात्र ७४१.५ ला, चित्रकलेच्या शेजारी! म्हणजे कादंबरी शोधणारा तिथे फिरकतच नाही. अशी पुस्तकं वर्षानुवर्षं एकदाही इश्यू न होता पडून राहतात, आणि खरेदीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "असली पुस्तकं मुलं वाचत नाहीत, यंदा नको." पुस्तकाला वाचक मिळाला नाही, त्याची शिक्षा पुढच्या पुस्तकाला होते.

उपाय खर्चिक नाही. काउंटरसमोर एक छोटं टेबल, त्यावर पंधरा-वीस पुस्तकं, नंबर काहीही असो. दर महिन्याला बदलायची. प्रत्येकात एक चिठ्ठी, तीन ओळींची : हे कुणाला आवडेल, कुठलं दार मोठं आहे, आणि आधी काय सांगायला हवं. ‘अप्रतिम’, ‘अवश्य वाचा’ असले शब्द चिठ्ठीवर नकोत, त्यांतून काहीच कळत नाही. नमुना देतो. ‘ज्यांना शाळेतले मित्र आठवतात त्यांच्यासाठी. माणसांचं दार. हसता हसता शेवटी मन जड होतं.’ पुस्तक कुठलं ते ओळखलंत ना?

पन्नास पानांचा नियम

नॅन्सी पर्ल यांचाच आणखी एक सल्ला आहे. पुस्तक पन्नास पानांपर्यंत वाचा. तोवर नाही रुचलं तर बिनदिक्कत बंद करा, दुसरं घ्या. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक याने तर १९९२ सालच्या पुस्तकात वाचकाच्या हक्कांची यादीच केली आहे. त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे आणि पानं गाळण्याचाही. आपल्याकडे अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हणजे केटी लागल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं. सुचवणाऱ्यानेही ‘काय, संपवलंस का?’ असं विचारू नये. ‘कुठे सोडलंस? काय नाही जमलं?’ असं विचारावं. त्या उत्तरावरूनच पुढचं पुस्तक सापडतं.

सबमिशन

लेख वाचून झाला, आता थोडं काम. विंगमधला असा एक जण निवडा, जो कधीच लायब्ररीच्या त्या रॅककडे जात नाही. त्याला वरचे चार प्रश्न विचारा, चहा पिता पिता, ओरल घेतल्यासारखं नको. मग त्याला दोन पुस्तकं सुचवा : एक त्याच्या जगाजवळचं, एक लांबचं. कुठलं आधी उघडायचं ते त्याच्यावर सोडा. पुस्तक लायब्ररीत नसेल तर काउंटरवरच्या मागणी रजिस्टरमध्ये नाव, लेखक आणि प्रकाशक नीट लिहा. पुढच्या खरेदीत काय यावं हे ठरवताना त्या वहीतल्या नोंदींना वजन असतं, आणि ती बहुतेक वेळा कोरी असते. स्टाफमधल्या मंडळींनीही लिहावं, आम्हाला आवडेल.

या सबमिशनला मार्क नाहीत आणि शेवटची तारीखही नाही. पण महिनाभराने तोच मुलगा दारात येऊन "अजून असलंच काही आहे का रे?" असं विचारेल, तेव्हा नुसतं पुस्तकाचं नाव सांगून मोकळे होऊ नका. त्याला आत बोलवा, बसायला सांगा आणि विचारा, "यातलं काय आवडलं?"